रशियातले सणवार : धिरड्यांच्या आठवड्यापासून पांढऱ्या रात्रींपर्यंत

मैत्रिणींनो, परदेशप्रवास म्हटला की राजवाडे, संग्रहालये आणि पुतळे पाहायचे, पुतळ्यासमोर उभे राहून फोटो काढायचे आणि नातेवाइकांसाठी चॉकलेटं आणायची, असा आपला बेत ठरलेला असतो. त्यात गैर काही नाही. पण त्या देशातली माणसं खरी कशी आहेत हे पाहायचं असेल, तर त्यांच्या सणाला जावं. आपल्याच घराचं बघा ना! एरवी येणाऱ्या पाहुण्याला चहा-पोहे मिळतात. पण गौरीच्या जेवणाला आलेल्या पाहुण्याला सगळं घर दिसतं. स्वयंपाकघरातली धांदल, जावाजावांची थट्टा, सासूबाईंची देखरेख, सगळं!

रशियाचंही तसंच आहे. क्रेमलिन बाराही महिने जागच्या जागी असते. पण तिथली गृहिणी धिरडी घालताना, अंडी रंगवताना किंवा बरण्या भरताना दिसायला हवी असेल, तर सणाची वेळ साधायला हवी. म्हणून जानेवारीपासून सप्टेंबरपर्यंतचे तिथले सणवार आज क्रमाने पाहू.

तेरा दिवसांची गंमत

आधी थोडे पंचांग समजून घ्या, नाहीतर तारखांचा घोळ होईल. रशियात जुने ज्युलियन कॅलेंडर चालत असे. क्रांतीनंतर १९१८ साली सरकारने जगाबरोबरचे कॅलेंडर घेतले. त्या वर्षी ३१ जानेवारीनंतर एकदम १४ फेब्रुवारीच उजाडली! चर्चने मात्र आपले जुने कॅलेंडर सोडले नाही. दोन्हींत आज तेरा दिवसांचा फरक आहे. म्हणून रशियन नाताळ २५ डिसेंबरला न येता ७ जानेवारीला येतो. आपल्याकडे बँकेची तारीख वेगळी आणि तिथी वेगळी, तसेच हे.

सणाची तिथी चुकल्याचे दुःख काय असते, हे सांगणारा एक रशियन माणूस आपल्या कोकणात येऊन गेला आहे. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला. जुन्नरला त्याने पावसाळा काढला. वाटेत लुटारूंनी त्याची पुस्तके नेली होती, त्यामुळे आपल्या धर्माचे उपास कधी आणि ईस्टर कधी याचा हिशेबच त्याला लागेना. घोड्याच्या व्यापारापेक्षाही ही खंत त्याच्या प्रवासवर्णनात जास्त बोचते. परमुलखात सण चुकला की जीव कसा होतो, हे आपल्यापैकी ज्यांच्या मुली परदेशी आहेत त्यांना वेगळं सांगायला नको. बिचारा घरी पोहोचलाच नाही. स्मोलेन्स्कजवळ वाटेतच वारला. चौलशेजारी रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे.

नवे वर्ष, आणि पुन्हा एकदा नवे वर्ष

रशियातला घरोघरी साजरा होणारा सर्वांत मोठा सण म्हणजे ३१ डिसेंबरची रात्र. सोव्हिएत राजवटीत नाताळावर गदा आली, तसे नाताळचे झाडही हद्दपार झाले. पुढे १९३५ च्या अखेरीला ते परत आले, पण नववर्षाचे झाड म्हणून. तेव्हापासून झाड, भेटवस्तू, पांढऱ्या दाढीचा 'देद मरोज' म्हणजे हिमआजोबा, आणि त्याची नात 'स्नेगुरोच्का' हा सगळा थाट नव्या वर्षाकडे गेला. नाताळची अधिकृत सुट्टी परत मिळाली ती १९९१ साली.

त्या रात्रीच्या जेवणात 'ऑलिव्हिए' कोशिंबीर हवीच. आपल्या हॉटेलांत 'रशियन सॅलड' म्हणून जे मिळते, त्याची ही आजी. मॉस्कोच्या हर्मिटेज उपाहारगृहात एकोणिसाव्या शतकात ल्युसियाँ ऑलिव्हिए नावाचा आचारी होता, त्याचे हे नाव. उकडलेले बटाटे, गाजर, अंडी, मटार, खारवलेली काकडी आणि मांसाचे तुकडे, सगळे मटारच्या दाण्याएवढे चिरून मेयोनेजमध्ये कालवायचे. म्हणजे ३१ तारखेची दुपार तिथल्या बायकांची चिरण्यातच जाते! दूरदर्शनवर 'आयरनी ऑफ फेट' हा १९७६ च्या १ जानेवारीला प्रथम दाखवलेला चित्रपट लागतो, टेबलावर संत्री येतात आणि क्रेमलिनच्या स्पास्काया बुरुजावरच्या घड्याळात बाराचे टोले पडले की सगळे एकमेकांना शुभेच्छा देतात.

एवढ्यावर भागत नाही. जुन्या कॅलेंडरचे नवे वर्ष १४ जानेवारीला येते, आणि 'जुने नवे वर्ष' अशा गमतीच्या नावाने लोक तेही साजरे करतात. आपण तिळगूळ वाटतो तेव्हाच!

१८ जानेवारीच्या रात्री आणि १९ तारखेला मात्र अंगावर काटा आणणारा प्रकार असतो. येशूच्या बाप्तिस्म्याचा हा दिवस. गोठलेल्या नदीत किंवा तळ्यात बर्फ कापून, बहुधा क्रूसाच्या आकाराचे, कुंड करतात आणि माणसे त्यात तीन बुड्या मारतात. म्हाताऱ्या आजीबाईसुद्धा! आपण काठावर उभे राहून पाहावे. रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी तर भरीला पडूच नये.

जावई, नणंद आणि धिरडी

आता येऊ या आपल्या खास जिव्हाळ्याच्या सणाकडे. त्याचे नाव 'मास्लेनित्सा'. 'मास्ला' म्हणजे लोणी. तेव्हा हा लोण्याचा आठवडाच म्हणा. ईस्टरआधी सात आठवड्यांचा कडक उपास असतो. त्यात मांस, दूध, अंडी सगळे वर्ज्य. मास्लेनित्साच्या आठवड्यात मांस बंद झालेले असते, पण दूध, लोणी, अंडी चालतात. मग ती संपवायची कशी? धिरडी घालून!

या धिरड्यांना 'ब्लिनी' म्हणतात. गोल, पातळ, सोनेरी; परतणाऱ्या सूर्याचे रूप आहे असे लोक सांगतात. जुन्या रीतीत कुट्टूचे पीठ यीस्ट घालून फुगवत. आता बहुतेकजणी मैदा, दूध, अंडी, चिमूटभर मीठ-साखर आणि थोडे लोणी घेऊन झटपट पातळ पीठ भिजवतात. वर आंबट साय, मध, मुरंबा किंवा माशांची गाबोळी. 'पहिल्या ब्लिनचा गोळाच होतो' अशी रशियन म्हणच आहे. तवा तापायच्या आत घातलेल्या पहिल्या घावनाचं आपल्याकडे काय होतं, ते तुम्हाला ठाऊक आहेच!

या आठवड्याचा प्रत्येक दिवस नाव घेऊन येतो. सोमवारी स्वागत आणि गवताची बाहुली तयार करणे. मंगळवारी तरुणांचे खेळ, घसरगाड्या. बुधवारी सासूने जावयाला बोलावून धिरडी खाऊ घालायची. आपल्या धोंड्याच्या महिन्यातल्या अनारशांची आठवण झाली ना? पण पुढे ऐका. गुरुवारी गावभर दंगा, आणि शुक्रवारी जावयाने सासूला सन्मानाने आपल्या घरी बोलवायचे! म्हणजे वाण एकतर्फी नाही, फिटंफाट आहे. शनिवार नणंदांचा. नव्या सुनेने नवऱ्याच्या बहिणींना घरी बोलवायचे, खाऊपिऊ घालायचे, भेटवस्तू द्यायच्या. नणंद-भावजयीचं नातं नाजूक असतं हे रशियन आजीबायांनाही कळत होतं, म्हणून तर त्यांनी त्यासाठी अख्खा दिवस राखून ठेवला.

रविवारी गवताची बाहुली जाळतात. ती हिवाळ्याची बाहुली. ढोलके, गाणी, नाच आणि मधोमध पेटलेली होळी! हा सगळा देखावा पाहताना आपण शिमग्यातच उभ्या आहोत असे वाटावे. फरक एकच. आपल्या होळीला बोंब मारतात. तिथे या दिवशी माफी मागतात. या दिवसाचे नावच 'क्षमेचा रविवार'. घरातले लहानथोर, शेजारीपाजारी, नातलग एकमेकांना म्हणतात, "मला क्षमा कर." आणि उत्तर देतात, "देव क्षमा करील, मीही करते." सासू सुनेला म्हणते, आई मुलाला म्हणते. कुणाचा अपराध किती याचा हिशेब काढत नाहीत. उपासाला बसायचे तर मनात अढी ठेवून बसू नये, एवढाच अर्थ.

मैत्रिणींनो, थोडा विचार करा. वर्षानुवर्षे एका घरात राहून "माझं चुकलं" हे दोन शब्द किती घरांत बोलले जातात? रागाने बोलणे बंद होते, मग सवयीने बंद राहते. ज्यांना पहिला शब्द काढता येत नाही त्यांच्यासाठी सणाने तो शब्द तयार करून ठेवला आहे. रीत म्हणून बोललं की मानही जात नाही आणि मनही हलकं होतं. आपण संक्रांतीला गोड बोला म्हणतो, तेही यासाठीच. पण तिळगूळ हातावर ठेवताना नेमकं ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्याच दारापुढून आपण पुढे जातो की नाही? प्रवासातून काही आणायचेच असेल तर हा रविवार आणावा. त्याला सामानात वजन नाही.

ईस्टर आपल्या होळीसारखा चंद्रावर अवलंबून असल्याने मास्लेनित्साही पुढे-मागे होते, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून मार्चच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत केव्हाही. उदाहरणार्थ, २०२७ साली ती ८ ते १४ मार्च अशी आहे. मॉस्कोत मोठे मेळे भरतात. पण जुन्या लाकडी घरांचे सुझ्दल गाव अधिक छान.

आठ मार्चची फुले

महिला दिन आपल्याकडे भाषणांचा, तिकडे तो घरातल्या सणासारखा असतो. शाळेतल्या बाईंपासून आजीपर्यंत सर्वांना फुले मिळतात, विशेषतः पिवळ्या गोंड्यांचा 'मिमोसा'. या दिवसाला इतिहास आहे. ८ मार्च १९१७ रोजी पेत्रोग्राडच्या कापड गिरण्यांतल्या बायका पाव मिळेना म्हणून संप करून रस्त्यावर आल्या आणि आठवडाभरात झारला गादी सोडावी लागली. रिकाम्या चुलीपासून सुरू झालेली ही गोष्ट! १९६५ साली या दिवसाला सार्वजनिक सुट्टी मिळाली.

एक लक्षात ठेवा. रशियात कुणाकडे फुले न्यायची तर ती विषम संख्येत न्यावीत. तीन, पाच, सात. सम संख्येची फुले अंत्ययात्रेला नेतात. आणि उंबरठ्यावरून हात मिळवू नये की वस्तू देऊ नये. आत जाऊन द्यावी. हे मात्र आपल्याला शिकवावे लागणार नाही.

कांद्याच्या सालीतला ईस्टर

ईस्टरला घरोघरी 'कुलिच' नावाचा उंच, गोल, गोड पाव भाजतात. चक्क्यासारख्या घट्ट पनीराची 'पास्खा' करतात आणि अंडी रंगवतात. चर्चमध्ये रात्रीची प्रार्थना होते. मेणबत्त्या घेऊन लोक चर्चभोवती फिरतात. "ख्रिस्त उठला" असे एकाने म्हटले की दुसऱ्याने "खरोखर उठला" असे उत्तर देऊन गालांचे तीनदा चुंबन घ्यायचे.

अंडी रंगवण्याची घरगुती युक्ती सांगते. कांद्याची वाळलेली तांबूस सालं आधीपासून पिशवीत साठवायची आणि त्या सालींच्या पाण्यात अंडी उकडायची. सुंदर विटकरी रंग चढतो. अंड्यावर कोथिंबिरीसारखे नक्षीदार पान चिकटवून वरून जुन्या नायलॉनच्या मोज्याची पुरचुंडी बांधली, तर पानाची नक्षी उमटते. या साध्या रंगाला फार मोठा अर्थ आहे. धर्माला सरकारी विरोध होता त्या काळात चर्चे बंद पडली, पण स्वयंपाकघरे कोण बंद करणार? दुकानात कुलिच 'वसंताचा केक' अशा नावाने मिळे आणि घरी आजी कांद्याची सालं जमवत राहिली. कुणाला काही न सांगता, तोंडाने कुठली घोषणा न करता तिने सण नातवंडांपर्यंत आणून पोहोचवला.

याच अंड्यांचे श्रीमंती रूप पाहायचे तर फाबेर्जेची रत्नजडित अंडी पाहा. १८८५ साली झार तिसऱ्या अलेक्झांडरने राणीला पहिले अंडे भेट दिले. आज क्रेमलिनच्या शस्त्रागार-संग्रहालयात दहा आणि सेंट पीटर्सबर्गच्या फाबेर्जे संग्रहालयात नऊ राजघराण्याची अंडी आहेत.

नऊ मे

९ मे हा विजयदिन. सण म्हणावा की स्मरणदिन, असा प्रश्न पडतो. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत संघाची सुमारे दोन कोटी सत्तर लाख माणसे गेली. लेनिनग्राडला, म्हणजे आजच्या सेंट पीटर्सबर्गला, ८७२ दिवस वेढा पडला होता. १९४१ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुलांना आणि घरी बसलेल्यांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळे, तोही भेसळीचा. आपल्या एका भाकरीच्या वजनाएवढा हा तुकडा, दिवसभरासाठी! मुलांना तो तीन वेळा पुरवून देणाऱ्या आईची कल्पना करा. तिथल्या पिस्कार्योव्स्कोये स्मशानभूमीत सुमारे पाच लाख माणसे सामूहिक थडग्यांत विसावली आहेत. मॉस्कोचे संचलन दूरदर्शनवर दिसते. फुले घेऊन इथे मात्र प्रत्यक्ष जावे. इथे सम संख्येची चालतात.

न मावळणाऱ्या रात्री

मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत सेंट पीटर्सबर्गला 'पांढऱ्या रात्री' असतात. गाव साठाव्या अक्षांशाजवळ असल्याने जूनमध्ये दिवस जवळजवळ एकोणीस तासांचा असतो आणि उरलेल्या वेळातही संधिप्रकाश सरत नाही. रात्री बारा वाजता रस्त्यावर बाळगाड्या! मध्यरात्र उलटली की नेवा नदीवरचे पूल जहाजांसाठी मधोमध उघडून उभे राहतात. तो देखावा पाहायला काठावर गर्दी होते. तुमचे हॉटेल नदीच्या कुठल्या बाजूला आहे ते मात्र आधी बघा. नाहीतर पहाटेपर्यंत पलीकडेच बसावे लागेल.

जूनच्या उत्तरार्धात शाळा संपवणाऱ्या मुलांसाठी 'अलिये पारुसा' हा उत्सव होतो. अलेक्झांडर ग्रीनच्या १९२३ च्या कथेतल्या आसोल या गरीब मुलीला कुणीतरी सांगितलेले असते, की लाल शिडांचे जहाज तुला न्यायला येईल. सगळे तिला हसतात, आणि जहाज येते. तेच लाल शिडांचे जहाज त्या रात्री आतषबाजीत नेवेवरून जाते. हा उत्सव १९६८ साली सुरू झाला, १९७९ नंतर बंद पडला आणि २००५ साली पुन्हा सुरू झाला. दहावी-बारावीची मुलं घरात असतील तर त्यांना जरूर दाखवावा.

लिंबू-चमचा आणि काकडीचे लोणचे

व्होल्गाकाठच्या कझान शहरी तातार लोक राहतात. ते बहुतांश मुसलमान. पेरणी आटोपल्यावर जूनमध्ये त्यांचा 'साबांतुय' असतो. साबान म्हणजे नांगर आणि तुय म्हणजे उत्सव. कमरेला टॉवेल अडकवून कुस्ती होते आणि जिंकणाऱ्याला मेंढा मिळतो. घोड्यांच्या शर्यती असतात, आणि तोंडात चमचा, चमच्यात अंडे धरून पळण्याची शर्यतही असते. आपली लिंबू-चमचाच! बक्षिसांसाठी भरतकामाचे टॉवेल पूर्वी त्या वर्षी लग्न झालेल्या नव्या सुनांकडून गोळा करत. सगळ्या गावाला सुनेचा हात कळायचा! मधात घोळलेल्या तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची 'चक-चक' ही मिठाई इथली खासियत.

जुलैत सुझ्दलला २००१ पासून काकडीचा उत्सव भरतो. खारवलेल्या, अर्ध्या मुरलेल्या, मधाबरोबरच्या, इतकेच काय, मुरंब्यातल्या काकड्या! त्यांच्या लोणच्यात तेल-मोहरी नाही. मिठाचे पाणी, शेपू, लसूण आणि ब्लॅककरंटच्या झुडपाची पाने. हिवाळ्याची बेगमी करणाऱ्या बायकांच्या बरण्यांच्या रांगा पाहून आपली माळ्यावरची लोणची आठवतात. मग ऑगस्टमध्ये १४ तारखेला मधाचा आणि १९ तारखेला सफरचंदांचा सण येतो. १ सप्टेंबरला शाळा उघडतात. मुलं बाईंसाठी फुलं घेऊन जातात आणि पहिलीतली चिमुरडी मोठ्या मुलाच्या खांद्यावर बसून वर्षाची पहिली घंटा वाजवते.

निघण्यापूर्वी

मुलांच्या उन्हाळी सुट्टीत जायचे तर जून उत्तम. दोघेच जाणार असाल आणि थंडी सोसत असेल तर मास्लेनित्सा निवडा. हिवाळ्यात एकच जाड कोट घेण्यापेक्षा कपड्यांचे तीन-चार थर घ्या, कारण घरे आतून चांगली ऊबदार असतात. बुटांचे तळवे न घसरणारे हवेत. शाकाहारी मंडळींनी ईस्टरआधीच्या उपासकाळात 'पोस्नोये' म्हणजे उपासाचे पदार्थ मागावेत. त्यांत मांस, दूध, अंडी नसतात. पण कोळंबी वगैरे असू शकते, म्हणून विचारूनच पान वाढून घ्या.

ऑगस्ट २०२३ पासून भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा मिळू लागला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यापासून मात्र प्रवासात अडचणी वाढल्या. मार्च २०२२ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्ड या कार्ड-कंपन्यांनी तिथले काम थांबवले, तेव्हा कार्डावर विसंबू नका, रोख रक्कम जवळ ठेवा. युद्धाच्या सीमेलगतच्या भागात जाऊ नका. कार्यक्रम आयत्या वेळी बदलू शकतात, म्हणून तिकिटे काढण्याआधी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा.

शेवटी एक रशियन रीत. प्रवासाला निघताना सामान दाराशी ठेवून घरातली सगळी माणसे मिनिटभर शांत बसतात, जाणारेही आणि राहणारेही. गॅस बंद केला का, पासपोर्ट घेतला का, हे तेव्हाच आठवतं. देवापुढे साखर ठेवून झाली की तुम्हीही जरा बसा. आणि मग निघा. सुखरूप या!